स्पॉन्सर्ड पोस्टमधून कमाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॉगवर स्पॉन्सर्ड पोस्ट दिसायला लागल्या की वाचकांपैकी जे स्वतः लिहितात त्यांचे ईमेल सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, थोडी काटछाट केली आहे. वरून खालपर्यंत सगळं वाचायची गरज नाही, आपला अडलेला प्रश्न शोधा. माझी भूमिका मात्र आधीच सांगून टाकतो: ब्रँडने पैसे मोजले की त्याला ब्लॉगवर जागा मिळते, माझं मत त्या पैशांत येत नाही. पुढची बरीच उत्तरं इथूनच निघतात.

१. स्पॉन्सर्ड पोस्ट म्हणजे नक्की काय?

कंपनीने पैसे, वस्तू, सेवा किंवा सवलत देऊन तुमच्या ब्लॉगवर आणलेला लेख. तो तुम्ही लिहिलात की त्यांनी लिहून पाठवला, याने फरक पडत नाही. मोबदला आला की लेख स्पॉन्सर्ड. 'पेड पोस्ट', 'पार्टनरशिप', 'कोलॅब' ही याचीच नावं. 'कोलॅब' ऐकलं की मात्र कान टवकारा. पुष्कळदा त्याचा अर्थ 'पैसे देणार नाही' एवढाच असतो (प्रश्न ८).

२. ॲडसेन्स आहे, ॲफिलिएट लिंक आहेत. मग हे आणखी कशाला?

ॲडसेन्सच्या जाहिराती गूगल निवडतं आणि कमाई वाचकसंख्येवर चालते. ॲफिलिएटमध्ये कोणी खरेदी केली तरच कमिशन. स्पॉन्सर्ड पोस्टची रक्कम आधी ठरते आणि एकानेही क्लिक केलं नाही तरी ती तुमची असते. त्यामुळे लहान ब्लॉगला तिन्हींत हाच मार्ग परवडतो. त्रास असा की प्रत्येक वेळी नवं गिऱ्हाईक शोधा, घासाघीस करा, दुरुस्त्या करा, आणि काम थांबलं की पैसेही थांबतात.

तिन्ही एकत्र चालतात. एकाच लेखात ठरलेली रक्कमही घ्यायची आणि ॲफिलिएट लिंकही टाकायची असेल तर ब्रँडला आधी विचारा आणि वाचकाला दोन्ही गोष्टी सांगा.

३. किती व्ह्यूज झाले की सुरुवात करता येते?

ठरावीक आकडा नाही. ब्रँड दोन गोष्टी बघतो: वाचक कोण आहेत आणि ते तुमचं ऐकतात का. समजा तुमचा ब्लॉग फक्त फाउंटन पेनांवर आहे. महिन्याला दोन-तीन हजारच लोक येतात, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण शाई विकत घेणारा आहे. शाईच्या कंपनीला हे वाचक कुठल्याही विषयावर लिहिणाऱ्या मोठ्या ब्लॉगच्या लाखभर वाचकांपेक्षा जास्त कामाचे.

तरीही ब्लॉगवर आधी पंधरा-वीस चांगले, बिनपैशांचे लेख हवेत. आलेल्या माणसाला पहिल्याच पानावर तीन जाहिराती दिसल्या तर तो ब्लॉग म्हणजे जाहिरातफलकच समजेल. ब्रँडही तेच समजेल.

४. ब्लॉग फुकटच्या प्लॅटफॉर्मवर आहे. चालेल का?

काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी प्रायोजित मजकुराला चक्क मनाई असते. वापराच्या अटी वाचा, विशेषतः 'जाहिरात' आणि 'तृतीय पक्ष' हे शब्द जिथे येतात तो भाग. कमाई नियमित व्हायला लागली की स्वतःचं डोमेन घ्या. दुसऱ्याच्या जागेवरचा लेख एका रात्रीत गायब झाला तर पैसे दिलेला ब्रँड तुम्हालाच विचारणार.

५. ब्रँड कुठून मिळतात? माझ्याकडे कोणीच येत नाही.

बसल्या जागी येतात ते बहुतेक लिंक विकत घेणारे (प्रश्न १०). चांगले ब्रँड आपण शोधायचे असतात. ज्या वस्तू तुम्ही स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन वापरता त्यांच्यापासून सुरुवात करा; त्यांच्यावर लिहिलेला एखादा लेख आधीच ब्लॉगवर असेल तर अर्धं काम झालेलं असतं. अगदी मोठ्या कंपनीचं जाहिरातीचं काम एजन्सीकडे असतं आणि तुमचा ईमेल तिथे हरवतो. मधल्या आकाराच्या कंपनीत मार्केटिंगचा माणूस एकच असतो आणि तो स्वतः उत्तर देतो.

ईमेल लहान ठेवा. असा काहीसा:

"नमस्कार, मी फाउंटन पेनांवर ब्लॉग लिहितो. तुमच्या निळ्या शाईवरचा माझा लेख सोबत जोडला आहे. गेलं वर्षभर 'पाण्याने न पुसणारी शाई' असं शोधणारे लोक त्यावर येत आहेत. तुमची नवी काळी शाई वेगवेगळ्या कागदांवर कशी चालते यावर फोटोंसह एक स्पॉन्सर्ड लेख करायची कल्पना आहे. लेखावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असेल. रस असेल तर दर आणि वाचकांचे आकडे पाठवतो."

यात तीन गोष्टी आहेत: पुरावा, नेमकी कल्पना आणि पहिल्याच ईमेलमध्ये लेबलचा उल्लेख. शेवटच्या गोष्टीमुळे पुढचे कितीतरी वाद जन्मालाच येत नाहीत. आठवड्याने एकदा आठवण करा. तरी उत्तर नसेल तर पुढचा ब्रँड बघा.

६. मीडिया किटमध्ये काय काय टाकायचं?

मीडिया किट म्हणजे ब्रँडला पाठवायची ब्लॉगची ओळख. एक पान, फार तर दोन. ब्लॉग कशावर आहे, महिन्याचे वाचक (गूगल ॲनालिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनातून, गेल्या तीन महिन्यांची सरासरी), ते कुठून येतात, ईमेल यादी असेल तर तिचा आकडा, आधीच्या कामाचे दोन-तीन दुवे आणि संपर्क. एकदा कुठला लेख व्हायरल झाला होता तो महिना सरासरी म्हणून दाखवू नका. ब्रँडने ॲनालिटिक्सचा स्क्रीनशॉट मागितला की ते लगेच उघडं पडतं.

दर किटमध्ये छापू नका. प्रत्येक काम वेगळं असतं आणि छापलेला दर वर जात नाही, खालीच येतो.

७. दर किती सांगू? सगळ्यात अवघड हेच आहे.

'अमुक हजार व्ह्यूजला अमुक' अशी सूत्रं इंटरनेटवर भरपूर सापडतील. ती जाहिरातीच्या पट्टीसाठी ठीक आहेत. लेखाला लावली तर लहान ब्लॉगवाला फुकटात राबतो. मी हिशोब तीन भागांत करतो.

पहिला भाग मेहनतीचा. लेखाला खरोखर किती तास लागतात ते लिहून काढा. वस्तू वापरून पाहायला ३, फोटोंना २, लेखनाला ३, ईमेल आणि दुरुस्त्यांना २, असे १० तास धरले तर एरवी काम करून तुम्ही तासाला जे कमावता त्याची दहापट. ईमेलचे तास सगळेच विसरतात, आणि नेमके तेच वाढतात.

दुसरा भाग जागेचा. तुमच्या वाचकांपर्यंत पोचण्याची ही किंमत. इथे विषय किती नेमका आहे आणि वाचक खरेदी करणारे आहेत का, यावर आकडा वर-खाली होतो.

तिसरा भाग हक्कांचा, आणि खरे पैसे इथेच सुटतात. तुमचे फोटो ब्रँड स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का? किती महिने? त्या काळात तुम्ही दुसऱ्या शाईवर लिहायचं नाही अशी अट आहे का? तीन दिवसांत हवं आहे का? यातल्या प्रत्येक 'हो'ला वेगळी रक्कम लावा. सहा महिने दुसरा ब्रँड घ्यायचा नाही म्हणजे सहा महिन्यांची संभाव्य कामं सोडायची. ती फुकट कशी सोडणार?

आकडा बोलण्याआधी एकच प्रश्न विचारा: "या कामासाठी तुमचं बजेट काय आहे?" पुष्कळदा ते तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा जास्त निघतं. कमी निघालं तर दर कमी करू नका, काम कमी करा: तीनऐवजी एक फोटो, फोटोंचे हक्क नाहीत, दुरुस्ती एकदाच. ज्याने एकदा निम्म्या दरात काम करून घेतलं तो पुढच्या वेळी त्या निम्म्यालाच तुमचा दर समजतो. आणि तीन ब्रँडनी काही न बोलता लगेच 'हो' म्हटलं, तर दर वाढवायची वेळ झाली आहे.

८. ब्रँड म्हणतो पैसे नाहीत, प्रॉडक्ट पाठवतो. घेऊ का?

वस्तू तुम्ही एरवी विकत घेणारच होता आणि किंमत मेहनतीच्या जवळपास जाते, तर घ्या. पहिली एक-दोन कामं दाखवायला म्हणूनही चालेल. त्यापुढे नको. घरभाडं शाईच्या बाटल्यांनी भरता येत नाही.

मध्यम मार्ग असा: "वस्तू पाठवा, आवडली तर कधीतरी लिहीन, तारखेचं आणि मजकुराचं बंधन नाही." तारीख, कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द), फोटोंची संख्या मागितली की ते काम झालं, आणि कामाचे पैसे लागतात. वस्तू फुकट आली असली तरी वाचकाला सांगावंच लागतं (प्रश्न १२), आणि बऱ्याच देशांत तिची किंमत उत्पन्नात धरली जाते (प्रश्न २१).

९. मी इंग्रजीत लिहीत नाही. ब्रँड विचारतील का?

विचारतात, आणि स्पर्धा कमी असते. अडचण वेगळीच येते: ब्रँड इंग्रजी मजकूर पाठवतो आणि म्हणतो 'फक्त भाषांतर करून टाका'. तसं केलेलं वाचकाला दुसऱ्या ओळीत कळतं आणि तो निघून जातो. मुद्दे त्यांचे घ्या, लेख आपल्या भाषेत नव्याने लिहा आणि ते नवं लेखन म्हणूनच बिल करा. मंजुरी देणाऱ्याला तुमची भाषा येत नसेल तर गोषवारा कोण करून देणार, हेही आधी ठरवा. नाहीतर तो तास तुमच्या माथी येतो.

१०. "तुमच्या ब्लॉगचा डीए चांगला आहे, एक डू-फॉलो लिंक टाका" असे ईमेल रोज येतात. पैसे तर देतायत. काय हरकत आहे?

हे लेखाचे पैसे नाहीत. डू-फॉलो म्हणजे बिनटॅगची लिंक, जी गूगल क्रमवारीत धरतं. गूगलच्या निकालात वर चढण्यासाठी लिंक विकत घेतली जाते आहे, आणि गूगलच्या धोरणात ते स्पॅम आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' हा टॅग (ही लिंक क्रमवारीत धरू नका असं गूगलला सांगणारी, कोडमधली खूण) लावावा, असा नियम आहे. 'नोफॉलो' २००५ पासून आहे, 'स्पॉन्सर्ड' सप्टेंबर २०१९ मध्ये आला. पैसे दिलेल्या लिंकसाठी गूगल 'स्पॉन्सर्ड' सुचवतं, 'नोफॉलो'ही चालतो. वर्डप्रेसमध्ये लिंकच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो, नसेल तर एचटीएमएलमध्ये हाताने टाकता येतो.

शिक्षा केवळ लिंक विकत घेणाऱ्याला होते असंही नाही. जानेवारी २०१२ मध्ये गूगलच्या स्वतःच्या क्रोम ब्राउझरच्या जाहिरात मोहिमेतल्या स्पॉन्सर्ड पोस्टमध्ये बिनटॅगची लिंक सापडली, तेव्हा गूगलने क्रोमचं पान स्वतःच्याच निकालात खाली ढकललं. फेब्रुवारी २०१३ मध्ये फुलं पोचवणारी इंटरफ्लोरा ही कंपनी ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाच्या शोधातूनही काही दिवस गायब झाली होती. प्रादेशिक वर्तमानपत्रांतले पैसे देऊन छापून आणलेले लेख हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं, आणि ते छापणाऱ्या वर्तमानपत्रांच्या साइटचं पेजरँकही (गूगल पानाला द्यायचं तो गुणांक) त्याच सुमारास घसरलं. तुमचा ब्लॉग त्यापुढे किती टिकेल?

आणि तो 'डीए'. डोमेन ॲथॉरिटी हा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे. गूगल क्रमवारीसाठी तो वापरत नाही. वाचकांबद्दल एक शब्द न विचारता जो फक्त डीए विचारतो, त्याला तुमच्या ब्लॉगशी काही देणंघेणं नाही. एका ओळीचं उत्तर तयार ठेवा: "लिंकला स्पॉन्सर्ड टॅग असेल आणि लेखावर प्रायोजित असं लिहिलेलं असेल, चालत असेल तर कळवा." दहातले नऊ जण पुन्हा फिरकत नाहीत. वेळ वाचतो.

११. टॅग लावला तर ब्रँडला फायदा काय? ते पैसे कशाला देतील?

वाचकांसाठी देतील. ज्याला खरोखर गिऱ्हाईक हवं आहे त्याला टॅगची पर्वा नसते. वाचकाला तो दिसतही नाही, लिंक नेहमीसारखीच उघडते. टॅगवरून सौदा मोडला, तर तो ब्रँड लिंकसाठीच आला होता. हाताशी आलेलं काम सोडताना वाईट वाटतं, पण मोडू द्या.

१२. 'हे स्पॉन्सर्ड आहे' असं कुठे आणि कसं लिहायचं?

लेखाच्या सुरुवातीला, पहिल्या परिच्छेदाच्या आधी, साध्या अक्षरांत. तळाला नको, 'आमच्याविषयी'च्या पानावर नको, फिकट राखाडी रंगात नको. मोबाइलवर न सरकवता दिसलं पाहिजे. माझं वाक्य असं असतं:

"हा लेख प्रायोजित आहे. शाईच्या कंपनीने त्यासाठी मला पैसे आणि दोन बाटल्या दिल्या आहेत. मजकूर प्रकाशित होण्याआधी त्यांनी तथ्यांपुरता तपासला आहे. मतं माझी आहेत."

कोणी, काय दिलं आणि मजकुरावर कोणाचा हात होता, हे तिन्ही त्यात आलं. 'धन्यवाद अमुक ब्रँड' किंवा 'अमुकच्या सहकार्याने' एवढ्याने वाचकाला पैशांचा अंदाज येत नाही.

हा नुसता शिष्टाचार नाही, कायदाही आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशींबाबतची आपली मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये सुधारली तेव्हाच ब्लॉगरांना त्यात आणलं, आणि २०२३ मध्ये ती आणखी कडक केली. भारतात जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठीची तत्त्वं २०२१ मध्ये आली, पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याची. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्समध्येही नियम आहेत. शब्द वेगळे असले तरी सगळ्यांचा गाभा एकच: जाहिरात आहे हे वाचकाला वाचायच्या आधी, शोधावं न लागता कळलं पाहिजे. तुम्ही जिथे राहता तिथला नियम वाचाच. वाचक दुसऱ्या देशात असतील तर तिथलाही.

प्रश्न १० मधला टॅग हा गूगलसाठी आहे. तो लावला म्हणून हे वाक्य गाळता येत नाही, आणि हे वाक्य लिहिलं म्हणून टॅग गाळता येत नाही.

१३. ब्रँड म्हणतो 'स्पॉन्सर्ड' लिहू नका, नैसर्गिक वाटू द्या. जास्त पैसेही देतायत.

नाही म्हणा. जास्तीचे पैसे त्या धोक्याचेच आहेत. २०१६ मध्ये लॉर्ड अँड टेलर या दुकानसाखळीचं प्रकरण गाजलं: ५० इन्फ्लुएन्सरांना एकच ड्रेस आणि पैसे देऊन एकाच वीकएंडला फोटो टाकायला सांगितले, पोस्ट आधी तपासून घेतल्या, पण पैसे दिल्याचा उल्लेख कुठेच आला नाही. फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पकडलं. कारवाई कंपनीवर झाली, पण तो ड्रेस कोणाकोणाच्या पानावर होता हे सगळ्यांनी पाहिलं.

१४. पैसे घेतले, वस्तू वापरली, आणि ती आवडलीच नाही. आता?

हा प्रश्न पैसे घेण्याआधी सुटलेला असायला हवा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वस्तू मागवा, वापरा, मग लेख करायचा की नाही ते कळवा, मग आगाऊ रक्कम. नमुन्यापोटी कुठलंच बंधन नाही, हे पहिल्या ईमेलमध्ये लिहा.

वस्तू पूर्णच फसली असेल तर कारण सांगून काम सोडा आणि आगाऊ रक्कम घेतली असेल तर परत करा. पण बहुतेक वेळा वस्तू मधलीच निघते: काही चांगलं, काही खटकणारं. अशा वेळी खटकलेलं लिहा, आणि नेमकं लिहा. "शाई फारशी आवडली नाही" हे कोणाच्याच कामाचं नाही. "गुळगुळीत कागदावर सुकायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो, डाव्या हाताने लिहिणाऱ्याच्या तळव्याला लागतेच, वहीच्या साध्या कागदावर मात्र लगेच सुकते आणि कडा फुटत नाहीत" हे वाचकाला उपयोगी पडतं. ब्रँडलाही पटतं, कारण चुकीच्या गिऱ्हाइकाची तक्रार त्यांनाच झेलावी लागते.

ती ओळ काढा म्हणाले तर? तथ्य चुकलं असेल तर दुरुस्त करा. मत असेल तर ते राहील, असं शांतपणे सांगा. करारात 'ब्रँडला तथ्यांची दुरुस्ती सुचवता येईल, मतांची नाही' असं वाक्य असलं की हा ईमेल लिहिताना हात थरथरत नाही.

१५. ब्रँडने पूर्ण लेख लिहूनच पाठवला आहे. जसाच्या तसा टाकू?

टाकायचा असेल तर लेखक म्हणून तुमचं नाव नको. वर स्पष्ट लिहा की मजकूर कंपनीचा आहे. मी शक्यतो घेत नाही, कारण तोच लेख थोडाफार बदलून आणखी ब्लॉगांवर जातो आणि वाचकाला सूर लगेच परका वाटतो. परवानगी घेऊन स्वतः लिहा आणि लेखनाचे पैसे लावा. एखाद्या साइटच्या नावाचा फायदा घेण्यासाठी बाहेरचा मजकूर छापणं, यावर गूगलने मार्च २०२४ मध्ये वेगळं स्पॅम धोरण आणलं, तेही ध्यानात ठेवा.

१६. करार करायलाच हवा का? काय बघायचं?

वकिली भाषेतला नसला तरी चालेल, पण सगळं एका ईमेलमध्ये लिहिलेलं आणि समोरच्याने 'मान्य' म्हटलेलं हवं. काय द्यायचं, कधी, किती पैसे, कधी मिळणार, दुरुस्त्या किती वेळा, लेख किती काळ ब्लॉगवर राहणार.

त्यांचा करार आला तर तीन जागी थांबा. 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' हक्क: मुदत घालून घ्या, नाहीतर तुमचे फोटो पाच वर्षांनीही त्यांच्या होर्डिंगवर दिसतील. 'स्पर्धक ब्रँड घेऊ नये': स्पर्धक कोण, याची नावं लिहून घ्या, 'लेखनसाहित्य' म्हटलं की पेन्सिलही त्यात येते. आणि नुकसानभरपाईचं कलम: त्यांनी दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे कोणी दावा केला तर भरपाई तुम्ही द्यायची, असं असेल तर काढायला लावा.

ब्रँडने अर्ध्यात काम रद्द केलं तर किती रक्कम मिळेल, हे एक वाक्य तुम्ही स्वतः घाला. ते आपणहून घालत नाहीत.

१७. लेख टाकला, पैसे आलेच नाहीत.

पुढच्या वेळी निम्मे आधी घ्या. नव्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण घेतले तरी कोणी रागावत नाही. आत्ता मात्र: बिल पुन्हा पाठवा, मुदतीची तारीख त्यात ठळक करा, आणि मार्केटिंगच्या माणसाऐवजी लेखा विभागाचा ईमेल मागा. बऱ्याच वेळा बिल तिथपर्यंत पोचलेलंच नसतं. 'प्रकाशनानंतर ६० दिवसांत' असं करारात असेल तर साठाव्या दिवसापर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. मुदत उलटली आणि दोन आठवणींनाही उत्तर नाही, तर 'रक्कम मिळेपर्यंत लेख अप्रकाशित करतो आहे' असं कळवून तो ड्राफ्टमध्ये टाका. जाहीर शिमगा करू नका. मध्ये एजन्सी असली तर तिच्याकडे दहा ब्रँड असतात.

१८. फसवणूक ओळखायची कशी?

दोन प्रकार ठरलेले. एकात ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक येतो आणि 'वरचे पैसे फोटोग्राफरला पाठवा' म्हणतात. तुम्ही पाठवता, चेक मागाहून बाउन्स होतो. दुसऱ्यात 'करार' किंवा 'ब्रीफ' (कामाचा तपशील) म्हणून फाइल येते आणि ती उघडली की ब्राउझरमधलं लॉगिन चोरलं जातं. २०२१ मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने यूट्यूबरांना खोट्या स्पॉन्सरशिपचं आमिष दाखवून असे हजारो हल्ले झाल्याचं सांगितलं होतं. ब्लॉगवाल्यांनाही तेच ईमेल येतात. झिप फाइल, पासवर्ड लावलेली फाइल, 'आमचं सॉफ्टवेअर आधी इन्स्टॉल करा' यातलं काहीही उघडू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्याच डोमेनचा आहे का ते बघा, आणि शंका आली तर कंपनीच्या साइटवरचा संपर्क शोधून विचारा.

१९. महिन्याला किती स्पॉन्सर्ड पोस्ट चालतात?

माझं प्रमाण चारास एक: चार लेख माझे, मग एक प्रायोजित. तुमचं वेगळं असू शकतं. मात्र आकड्यापेक्षा एक कसोटी जास्त कामाची आहे. पैसे मिळाले नसते तरी हा विषय ब्लॉगवर आला असता का? येत असेल तर वाचक कुरकुरत नाहीत, उलट कधीकधी 'असे स्पॉन्सर आणखी आणा' म्हणतात. पेनांच्या ब्लॉगवर गादीची जाहिरात आली की एकच पोस्टही जास्त होते.

औषधं, वजन घटवण्याचे उपाय, कर्ज, गुंतवणूक, सट्टा हे विषय तुमचे नसतील तर पैसे कितीही असोत, हात लावू नका. तिथे चुकीच्या शब्दाची किंमत वाचक मोजतो, आणि अनेक देशांत नियमही जास्त कडक आहेत.

२०. जुन्या लेखात एक ओळ आणि लिंक घालायला पैसे देतायत. हे स्पॉन्सर्ड धरायचं का?

हो. लेख कितीही जुना असो, ज्या दिवशी पैशांची लिंक आली त्या दिवसापासून तो भाग प्रायोजित. टॅग लावा आणि त्या ओळीपाशीच सांगा. वाचक शोधातून थेट तिथे उतरतो. मागणी करणारे बहुतेक प्रश्न १० मधलेच असतात, त्यामुळे दहातले नऊ इथेही गळतात.

२१. कर भरावा लागतो का?

ही कमाई आहे, त्यामुळे ती दाखवावी लागते; वस्तूच्या रूपात आली तरी बहुतेक ठिकाणी. पैसे परदेशातून आले तर आणखी कागद लागतात. पहिल्या बिलापासून एक वही ठेवा: तारीख, ब्रँड, रक्कम किंवा वस्तूची किंमत, झालेला खर्च. पुढचं तुमच्या देशातल्या सनदी लेखापालाला विचारा, माझ्यासारख्या ब्लॉगवाल्याला नको.

२२. दोन वर्षांपूर्वीच्या स्पॉन्सरची लिंक आता भलत्याच साइटवर जाते. लेख काढू का?

कंपनी बंद पडते, डोमेनची मुदत संपते, कोणीतरी ते विकत घेतं आणि शाईच्या जागी जुगाराचं पान उघडतं. हे नेहमी घडतं. लिंक लगेच काढा. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. लेख ठेवा, वर एक ओळ लिहा: "ही कंपनी आता बंद आहे, लिंक काढली आहे." लेबल मात्र काढू नका. कंपनी गेली तरी लेख पैसे घेऊनच लिहिलेला आहे.

कंपनी चालू आहे पण बदनाम झाली, तर करार बघा. लेख ठेवण्याची मुदत संपली असेल तर निर्णय तुमचा. संपली नसेल तर त्यांना कळवून काढा आणि उरलेल्या काळाचे पैसे परत द्यायची तयारी ठेवा. म्हणूनच 'लेख कायम राहील' असं वचन मी कधीच देत नाही. बारा महिने लिहितो आणि त्यापुढे ठेवायचा की नाही ते माझ्याकडे. प्रायोजित लेखांची यादी करून वर्षातून दोनदा सगळ्या लिंक उघडून बघितल्या की असले प्रकार वाचकाच्या आधी आपल्याला कळतात.